फुकटच्या गेमचे पैसे कोण भरतं?

"गेम तर फुकट आहे, मग पैसे कुठे गेले?" सुदामानगर असो, रामबाग असो की राजेंद्रनगर, इंदूरच्या मराठी घरांत हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. आईच्या फोनवर बँकेचा मेसेज येतो, शे-दोनशे रुपये प्ले स्टोअरला गेलेले असतात आणि समोर बसलेला सातवी-आठवीतला मुलगा म्हणतो, "टॉप-अप केलं गं आई, सगळेच करतात." मग घरात जो वाद पेटतो तो बहुतेक वेळा तासांवरून. किती वेळ खेळतोस, डोळे जातील, अभ्यास कधी करणार? पैशाचा मूळ प्रश्न तसाच राहून जातो. मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. गेम पैसे कसा कमावतो हे एकदा समजलं, की तो खेळणाऱ्याशी असा का वागतो हेही समजतं.

मी लहानपणापासून गेम खेळत आलोय, आजही खेळतो. चांगला गेम ही गोष्ट सांगण्याची, डोकं चालवण्याची आणि मित्रांना जोडून ठेवण्याची फार सुंदर कला आहे असं मी मानतो. म्हणूनच या धंद्यातल्या काही रिती मला खुपतात, आणि त्या सोप्या करून सांगाव्यात असं वाटतं.

थोडं मागे जाऊ. नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेमच्या दुकानात मोठी मशीनं असायची. नाणं टाकायचं आणि खेळायचं. १९९३ साली आलेला कॅपकॉम कंपनीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' आपल्याकडे 'मुस्तफा' याच नावाने गाजला. त्या गेममध्ये शत्रू एकदम अंगावर का येत? जीव इतक्या पटकन का संपत? मशीनच्या मालकाची कमाई नाण्यावर होती. तासभर एकाच नाण्यावर खेळणारा मुलगा त्याला परवडत नव्हता. म्हणून गेम असा बेतलेला असायचा, की काही मिनिटांत तुम्ही मरावं, पण "आता जमलंच असतं" असं वाटत असताना मरावं. पडद्यावर उलटी मोजणी सुरू व्हायची आणि हात खिशात जायचा.

त्याच काळात घरात टीव्हीला जोडायचे गेम आले. कॅसेट एकदा विकत घेतली की पुढे कंपनीला तुमच्याकडून काही मिळणार नव्हतं. मग गेमचा स्वभावही बदलला. लांब गोष्टी आल्या, खेळ अर्धवट सोडून दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करायची सोय आली, आडवाटेला लपवलेल्या गमती आल्या. बनवणाऱ्यांसमोर एकच काम होतं: हा गेम इतका चांगला करायचा की मुलगा मित्राला सांगेल आणि पुढचा भागही विकत घेईल. पैसे कधी आणि कशाबद्दल घेतले जातात, त्यावरून गेमची घडण ठरते. या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

आता फोनकडे येऊ. गेममध्ये छोट्या वस्तू विकायची कल्पना जुनी आहे. २००६ साली 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरला विकायला ठेवलं, तेव्हा खेळाडू संतापले होते. शोभेच्या चिलखताचे वेगळे पैसे कसले, असा त्यांचा सवाल होता. २००९ मध्ये ॲपलने फुकट ॲपच्या आतही खरेदीला परवानगी दिली आणि चित्र पालटलं. २०१२ साली फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' आला, त्याच वर्षी 'कँडी क्रश सागा' आला. दोन्ही फुकट, आणि दोन्हींनी इतका पैसा मिळवला की विकत घ्यायचे मोबाइल गेम पार मागे पडले. कँडी क्रश बनवणारी किंग ही कंपनी २०१६ मध्ये ५.९ अब्ज डॉलरला विकली गेली. टॉफ्या जुळवायच्या फुकटच्या गेमची कंपनी!

हा पैसा येतो कुठून? खेळणाऱ्यांपैकी बहुतेक जण एक रुपयाही देत नाहीत. शंभरातले मोजके लोक पैसे देतात, आणि त्यातलेही अगदी थोडे खूप देतात. धंद्यातले लोक त्यांना 'व्हेल' म्हणतात, म्हणजे देवमासा. हे थोडे लोक बाकी सगळ्यांचा खर्च उचलतात. याची एक चांगली बाजू आहे आणि ती मान्य करायला हवी. भंवरकुआंला खोली घेऊन स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा मुलगा साध्या फोनवर बीजीएमआय हा बंदुकांच्या लढाईचा गेम खेळतो, गावाकडच्या दोस्तांना रात्री तिथेच भेटतो, "भिया, पीछे बंदा है" असं ओरडतो आणि त्याचे शून्य रुपये खर्च होतात. पाच हजारांचा गेम आणि पन्नास हजारांचा कन्सोल त्याला परवडलाच नसता. फुकटच्या गेमने खेळाचं दार त्याच्यासाठी उघडलं, हे खरं आहे.

पण फुकट खेळणाऱ्याला पैसे देणारा बनवायचं, हे गेम कंपनीचं रोजचं काम होऊन बसतं. पैसे एकदाच घ्यायचे असते तर गेम पूर्ण करून हातात दिला असता. इथे कमाई खेळ सुरू असताना होते, म्हणून गेममध्ये कायम थोडंसं काहीतरी कमी ठेवावं लागतं. बांधकाम पूर्ण व्हायला आठ तास थांबा, नाहीतर पैसे भरा. सगळ्यांकडे झगमगते कपडे आहेत, तुमचा खेळाडू मात्र साध्या बनियनवर. हा गेम बनवण्यातला दोष नाही, ती मुद्दाम ठेवलेली जागा आहे.

दुकान कसं मांडलंय ते बघा. सरळ रुपयांत किंमत लिहिलेली फार थोड्या ठिकाणी दिसते. आधी रुपये देऊन फ्री फायर मॅक्समध्ये डायमंड घ्यायचे, बीजीएमआयमध्ये यूसी घ्यायचे, आणि मग त्यातून वस्तू. आपल्या गणेशोत्सवातल्या आनंदमेळ्यात कूपन घेतो ना, तसं. हातात नोट असताना साबुदाणावड्याची प्लेट महाग वाटते, कूपन असलं की वाटत नाही. शेवटी दहा रुपयांचं एक कूपन उरतं, त्याचं काही येत नाही, म्हणून आणखी एक कूपन घेतलं जातं. आनंदमेळ्यात हे सहज घडतं. गेममध्ये हे मोजूनमापून बसवलेलं असतं. समजा हवा असलेला ड्रेस साडेचारशे डायमंडचा आहे, पण डायमंड शंभर, तीनशे किंवा पाचशेच्या गठ्ठ्यातच मिळतात. पाचशे घ्या, पन्नास उरतात. ते पन्नास वाया जाऊ नयेत म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा शंभर. मुलाच्या डोक्यात रुपयांचा हिशेब राहतच नाही, आणि हिशेब राहू नये हाच या नाण्याचा उपयोग आहे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. "ही ऑफर २३ तास ५९ मिनिटं." घड्याळ संपतं, आणि कित्येकदा तीच वस्तू काही आठवड्यांनी परत येते. ग्राहकाला खोटी घाई लावणं ही आपल्याकडे नियमाने अयोग्य ठरलेली गोष्ट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रचनांची यादी जाहीर केली, त्यात ही खोटी घाईही आहे. तिकडे अमेरिकेत 'फोर्टनाइट' बनवणाऱ्या एपिक गेम्सला डिसेंबर २०२२ मध्ये एकूण ५२ कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. त्यातले साडेचोवीस कोटी डॉलर अशाच रचनांमुळे नको ती खरेदी झालेल्या ग्राहकांना परत द्यायचे होते. मुलं एक बटण दाबत आणि आईबापांच्या कार्डावरून पैसे जात, हा त्यातला एक आरोप होता. उरलेली रक्कम लहान मुलांच्या खासगी माहितीबद्दलच्या दंडाची.

तिसरी गोष्ट म्हणजे पास. बीजीएमआयमध्ये रॉयल पास. थोडे पैसे आधी भरायचे आणि मग ठरलेल्या मुदतीत खेळून बक्षिसं मिळवायची. रक्कम सहसा कमी असते आणि आत काय आहे ते आधीच दिसतं, म्हणून तीन गोष्टींत मला हीच त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते. पण पास घेतला की खेळ काम होऊन बसतो. पैसे भरलेत, मुदत संपतेय, रोजची टास्क राहिलीत, म्हणून मामाच्या लग्नातही पोरगा कोपऱ्यात फोन घेऊन बसतो. त्याला त्या क्षणी खेळायचं असतंच असं नाही. भरलेलं वाया जाऊ नये, एवढंच असतं.

आणि मग येतो बंद डबा. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण नुकसान खरं इथे होतं.

पैसे देऊन डबा उघडायचा किंवा चक्र फिरवायचं, आत काय निघेल ते नशीब. जपानमध्ये दुकानाबाहेर नाणं टाकून गोळ्यातलं खेळणं देणारी मशीनं असतात, त्यावरून या प्रकाराला 'गाचा' म्हणतात. पाश्चात्त्य गेममध्ये 'लूट बॉक्स'. आपल्याकडची मुलं सरळ 'स्पिन' म्हणतात. बक्षीस कधी मिळेल ते ठाऊक नसलं की माणूस ते मिळवायचा प्रयत्न जास्त चिकाटीने करत राहतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं. ठरावीक टोची मारल्यावर दाणा मिळत असेल तर कबुतर दाण्यानंतर विसावतं. दाणा कधीही येऊ शकत असेल तर ते थांबतच नाही.

आता आकड्यांकडे बघू. समजा डब्यात बंदुकीचा दुर्मीळ स्किन, म्हणजे तिचं शोभेचं रंगरूप, निघण्याची शक्यता १ टक्का आहे. "म्हणजे शंभर डबे उघडले की एक मिळणारच," असं मुलं म्हणतात. मोठेही म्हणतात. हे बरोबर नाही. प्रत्येक डबा नवा, त्याला आधीच्या डब्यांची आठवण नसते. एका डब्यात न मिळण्याची शक्यता ९९ टक्के. शंभर वेळा न मिळण्याची शक्यता काढायला ०.९९ ला ०.९९ ने असं शंभर वेळा गुणत जायचं. उत्तर येतं सुमारे ०.३७. म्हणजे शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर डबे उघडले, तर साधारण ३७ जणांच्या हाती काहीच लागत नाही. दोनशे डबे उघडूनही १३ जण कोरडेच, तीनशेनंतरही ५. आपल्या वर्गात ज्याला पहिल्याच डब्यात मिळालं त्याची गोष्ट दहा जणांपर्यंत पोहोचते. कोरडे राहिलेले कोणाला सांगत नाहीत.

काही गेममध्ये यावर हमी असते. २०२० मध्ये आलेल्या 'गेनशिन इम्पॅक्ट'मध्ये वरच्या दर्जाचं पात्र मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे, पण नव्वदाव्या खेपेपर्यंत वरच्या दर्जाचं काहीतरी मिळतंच. ऐकायला दयाळूपणा वाटतो, आणि काही अंशी आहेही. पण त्यामुळे सत्तराव्या खेपेला पोहोचलेला माणूस थांबत नाही, कारण आता फक्त वीस उरलेत असं दिसत असतं.

सगळ्यात वाईट प्रकार संच पूर्ण करायचा. दहा तुकडे गोळा करा आणि मोठं बक्षीस घ्या. दहाही तुकडे सारख्याच शक्यतेचे असले, तर ते पूर्ण व्हायला सरासरी किती डबे लागतात? दहा नाही, सुमारे २९. पहिले पाच पटापट येतात, एकटा शेवटचा तुकडा सरासरी दहा डबे खातो. नऊ जमलेत आणि एकच राहिलाय अशा वेळी मुलगा काय करेल हे सांगायला नको. जपानने हा प्रकार २०१२ मध्येच बेकायदा ठरवला.

बाकी देशही जागे झाले. चीनने २०१७ मध्ये शक्यता जाहीर करणं बंधनकारक केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या पूर्ण किंमत देऊन घ्यायच्या गेममध्येही असे डबे निघाले, तेव्हा जगभरचे खेळाडू इतके चिडले की गेम विक्रीला येण्याच्या आदल्या दिवशी कंपनीला आतली पैशांची खरेदी बंद करावी लागली. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने विकत घ्यायचे डबे हा जुगारच आहे असं सांगितलं. आणि जाहीर केलेल्या शक्यतेवर डोळे मिटून विश्वास ठेवावा का? जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगाने नेक्सॉन कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड केला. 'मेपलस्टोरी' गेममध्ये वस्तूंना चांगले गुण मिळण्याची शक्यता खेळाडूंना न सांगता कमी केल्याबद्दल. गुणांच्या काही जोड्यांची शक्यता तर चक्क शून्य होती, आणि लोक त्यांच्यासाठी पैसे भरत होते.

भारतात काय? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवले जावोत की नशिबाचे, त्याने बंद केले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, मान्यता आहे, करमणुकीच्या गेमना मोकळीक आहे. घरं बुडवणाऱ्या रमीच्या जाहिराती ज्यांनी पाहिल्यात त्यांना या कायद्याची गरज पटेल, मलाही पटते. पण त्याचा रोख पैसे जिंकून देणाऱ्या खेळांवर आहे. बंद डब्यातून निघणाऱ्या रंगीत बंदुकीचे पैसे होत नाहीत, म्हणून डबा मात्र 'करमणूक' या खात्यात आरामात बसून राहतो. बारा वर्षांच्या मुलासाठी हा फरक कागदापुरताच आहे. त्याच्या बोटाला आणि मेंदूला चक्र फिरताना तेच वाटतं. अठरा वर्षांखालच्यांना बंद डबे विकूच नयेत, आणि मोठ्यांना विकताना शक्यता व रुपयांतली किंमत बटणाच्या शेजारी लिहावी, असं माझं ठाम मत आहे.

सजावटीच्या वस्तू उघड किमतीला विकायला माझी हरकत नाही. नकाशे नवे करायचे, सर्व्हर चालवायचे, फसवणूक करणारे पकडायचे, याला खर्च येतो. शिवाय प्रत्येक खरेदीतला ३० टक्क्यांपर्यंत वाटा गूगल किंवा ॲपलला जात आलाय. ज्याला लाल जॅकेट आवडलं त्याने किंमत बघून घ्यावं. पण पैसे देणाऱ्याच्या बंदुकीची गोळी जास्त जोरात लागत असेल, तर तो खेळ राहिला नाही. असा गेम मी फोनवर ठेवत नाही.

एकदाच पैसे देऊन घ्यायचे गेमही आता पूर्वीसारखे साधे राहिलेले नाहीत, तेवढं सांगून टाकतो. २०१३ चा 'जीटीए ५' वीस कोटींहून जास्त प्रती खपूनही ऑनलाइन भागात खोटे पैसे खऱ्या पैशांना विकतो. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये लोकांनी रोख पैसे देऊन घेतला, आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाल्यावर तो कोणालाच खेळता येईना. डिजिटल दुकानातून आपण गेम घेतो तेव्हा बहुधा वापरायची परवानगी घेत असतो.

तरीही मुलाला "गेम बंद" म्हणण्यापेक्षा चांगला गेम विकत घेऊन देणं मला जास्त योग्य वाटतं. महिन्याच्या टॉप-अपइतक्या किंवा त्याहून कमी पैशांत फोनवर सुंदर गेम मिळतात. 'मॉन्युमेंट व्हॅली' घ्या, डोळ्यांना चकवणाऱ्या वास्तूंतून वाट काढायचा. 'स्टारड्यू व्हॅली' घ्या, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून केलेला, २०१६ मध्ये आलेला शेतीचा गेम. त्यात डायमंड नाहीत, चक्र नाही, पिकाला लवकर पाणी पाजायचे पैसे नाहीत. घरी कॉम्प्युटर किंवा कन्सोल असेल तर पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला 'राजी' जरूर बघा. भावाला शोधत निघालेली मुलगी, राजस्थानी महालांसारखी वास्तुकला, देव-असुरांच्या गोष्टी. असे गेम विकत घेतले गेले तरच आपल्याकडे आणखी बनतील.

फुकटचा गेम चालू ठेवायचा असेल तर दोन कामं करा. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय सुरू करा, आणि यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका. खर्चाची रक्कम त्याच्याशी बोलून ठरवा आणि तेवढ्याच किमतीचं प्ले स्टोअरचं गिफ्ट कार्ड द्या. ते संपलं की संपलं. कोणता डबा घ्यायचा, कोणता नाही, हे त्याला ठरवू द्या, पण आधी वरचा ३७ चा हिशेब त्याच्याकडून कॅल्क्युलेटरवर करून घ्या. मुलं या हिशेबात फार लवकर रमतात. आणि नको असलेली खरेदी झालीच असेल, तर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरवरूनच परताव्याची विनंती करा. त्यानंतर बहुधा गेमच्या कंपनीकडे दाद मागावी लागते, आणि ते काम बरंच लांबतं.